आठ मिनिटांचे आभार

माझा पाठचा भाऊ निवडून आला तो आमच्या धाकट्या बहिणीच्या दुःखावर. गावातलं प्रसूतिगृह बंद पडलं होतं. तिला कळा सुरू झाल्या आणि शहराच्या वाटेवरच तिचं बाळ गेलं. प्रचाराच्या प्रत्येक सभेत त्याने हे सांगितलं, तेही तिला शेजारी उभं करून. संसदेतल्या पहिल्याच भाषणात प्रसूतिगृह मागतो, असा तिला शब्द दिला. आता तिला पुन्हा दिवस गेलेत, सातवा महिना लागलाय.

मी त्याच संसदेत लघुलेखक. सव्वीस वर्षं झाली, लोक बोलतात आणि मी लिहिते. नव्या सदस्याला पहिल्या भाषणात इथे कुणी अडवत नाही. आठ मिनिटं मिळतात.

भाऊराया उभे राहिले. अंगात नवा कोट. आधी पक्षाध्यक्षांचे आभार, मग त्यांच्या सौभाग्यवतींचे, मग त्यांच्या दिवंगत वडिलांचे, मग जिल्ह्यातल्या एकवीस पदाधिकाऱ्यांचे, नावानिशी. म्हटलं, नमनाला घडाभर तेल जायचंच. पण या बाबाने एक घडा संपवून दुसरा उघडला. गाडीच्या ड्रायव्हरलाही सोडलं नाही. माझा हात लिहीत होता आणि तोंडात शिव्या येत होत्या. आठवं मिनिट संपता संपता तो म्हणाला, "माझी धाकटी बहीण", आणि घंटा वाजली. आमचं गुणी बाळ हात जोडून हसत खाली बसलं. सगळ्यांनी बाकं वाजवली, तेही मी कंसात लिहिलं.

छापण्याआधी सदस्याला आपलं भाषण वाचून चुका दुरुस्त करता येतात. त्यासाठी तो दुपारी माझ्या खोलीत आला. मला वाटलं, लाज वाटली असेल. त्याने पक्षाध्यक्षांचं नाव नीट आलंय ना ते तीनदा तपासलं आणि मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ताई, हे अर्धवट बरं दिसत नाही. काढून टाक."

"चूक सुधारता येते. बोललेलं काढता येत नाही."

सख्ख्या भावासाठी एवढंही करणार नाहीस का, वगैरे झालं. पुढच्या अधिवेशनात नक्की बोलतो म्हणाला. ते पाच महिन्यांनी. धाकटीचे तीनच महिने राहिलेत, हे मी त्याला बोटांवर मोजून दाखवलं. तो घड्याळ बघून उठला.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. सगळं गाव तिच्या घरी टीव्हीपुढे बसलं होतं म्हणे.

"ताई, घंटेनंतर दादा काय म्हणाला गं? आमच्याकडे तेवढ्यात दुसरंच लागलं."

"तू उद्याच्या गाडीने माझ्याकडे ये," मी म्हटलं. "बाळंतपण इथेच करू."