छत्रा आणि जहाजावरची चाची

मी छत्रा बोलतोय. छत्री नव्हे. छत्र्या म्हणजे त्या टीव्हीच्या, घराघरांच्या गच्चीवर बसलेल्या, ताटाएवढ्या. मी आठ फुटी, जाळीचा. रावेरजवळच्या एका गावात निंबा आबांच्या अंगणात, सिमेंटच्या ओट्यावर आभाळाकडे तोंड करून उभा आहे. माझं बोलणं मुळात सावकाश, पण आज सावकाश बोलणं जड जातंय. काल संध्याकाळपासून माझ्या सगळ्या जाळीत गुदगुल्या होतायत.

माझा जन्म जळगावचा, एका पत्र्याच्या शेडमधला. तिथून माझ्या पाकळ्या वेगवेगळ्या करून, केळीच्या वाळल्या पाल्यावर झोपवून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मला इथं आणलं. आबा तेव्हा तरणे होते. गावात केबल सुरू करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. मला उभं केलं त्या दिवशी नव्या नवरीला बघायला यावीत तशी माणसं आली. एका म्हातारबाबांनी विचारलं, एवढ्या मोठ्या भांड्यात पाणी का राहत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझं तोंड आभाळाकडे आणि पाठ घराकडे. वरून जे येईल ते मी गोळा करतो, तोंडासमोरच्या डबड्यात टाकतो, आणि तिथून ते वायरीनं घरात जातं. टीव्हीवर काय दिसतं ते मी कधीच पाहिलेलं नाही. घरात हसू फुटलं की मी समजतो, आपल्या हातून काहीतरी चांगलं आत गेलं.

असंच एकदा माझ्या हातून जहाजाचा पिक्चर आत गेला. त्याचं खरं नाव इंग्रजी आहे, ते इथं कुणाच्या तोंडी बसलं नाही. हिंदीत बोलणारा करून दाखवायचे. काही माणसं एका मोठ्या जहाजात बसून ताऱ्यांमधून नवी जमीन शोधत निघाली आहेत, अशी गोष्ट. त्या जहाजावर स्वयंपाक करणारी एक म्हातारी होती. तिला सगळे चाची म्हणत. लढणारे वेगळे, जहाज चालवणारे वेगळे, चाचीचं काम नुसतं वाढायचं.

आबांच्या बायकोला, बेबाबाईंना, ती चाची अशी आवडली की विचारू नका.

एकामागून एक असे चार पिक्चर आले. तिसऱ्यात आभाळातला एक धोंडा जहाजावर आदळला. मागच्या खोलीत एक पोर अडकलं होतं. चाची आत गेली, पोराला बाहेर ढकललं, आणि दार बंद झालं. जहाजाचा मागचा तुकडा तुटला आणि चाचीला घेऊन अंधारात निघून गेला. चौथ्या पिक्चरमध्ये तिचं कुणी नावसुद्धा काढलं नाही.

बेबाबाईंना ते फार लागलं. आबांना त्या म्हणाल्या, "मंग चौथ्या पिक्चरमधी हे लोकं जेवले कसे?"

पुढं घरोघरी लहान छत्र्या आल्या आणि आबांची केबल बंद पडली. वायर काढून ठेवली. माझ्यावर मिरच्या वाळू लागल्या. साळुंक्यांनी माझ्या डबड्यामागे घर केलं. कोंबड्या माझ्या सावलीला बसायच्या. मी तक्रार केली नाही, सावली देणं हेही कामच आहे.

पण माझ्या भोवतीच्या ओट्यावर बायका बसायच्या, हे माझं नशीब. सकाळी त्या केळीच्या फण्या धुवून खोक्यात भरायला जात, दुपारून इथं पापड लाटत, मिरच्या निवडत. आणि बेबाबाई त्यांना जहाजाची गोष्ट सांगत. ज्यांनी पिक्चर पाहिला नव्हता त्यांनाही चाची आपल्या गल्लीत राहत असल्यासारखी वाटायची. मलाही ती बेबाबाईंच्या तोंडूनच माहीत. आणि गोष्टीच्या शेवटी बेबाबाई दर वेळी सांगत, चाची जिवंत हाये, ती येणार.

यावर एकच जण भांडायची. शेजारच्या धुरपदाबाई. त्या शिरपूरकडच्या. लग्न होऊन इकडं आल्या, नातवंडं झाली, पण बोली माहेरचीच ठेवली.

"दार बंद व्हयी गयं, जहाज तुटी गयं," त्या म्हणत. "मंग ती बाई काय हवा खाईसन जगनी?"

"तू देखलं का तिले मरतांना? तिचं मढं दाखोलं का त्यायनं?"

"दाखाडं नही म्हनीसन काय व्हयनं?"

"आन् सैपाकघर तिच्याच बाजूले व्हतं," बेबाबाई म्हणत. "भुके मरतील ते पुढचे."

बायका हसून लोटपोट व्हायच्या. किती उन्हाळे हे भांडण चाललं.

आणि गेल्या महिन्यात मेघाचा फोन आला. मेघा ही आबांची नात, जळगावला नोकरी करते. बेबाबाईंचे हात पिठाचे, म्हणून फोन ओट्यावर ठेवून मोठ्यानं लावला होता.

"आजी, बसली आहेस ना? आधी बस."

"बसेलच हाये. पापड लाटून राह्यली."

"त्या जहाजाच्या पिक्चरची आता सिरियल येतेय. वेगळी, नवीन. पुढच्या जहाजाची नाही. मागच्या तुटलेल्या तुकड्याची."

सगळी लाटणी थांबली.

"चाची हाये का तिच्यात?" बेबाबाईंनी विचारलं.

"कुणालाच माहीत नाही. जाहिरातीत नुसतं एक दार दाखवलंय, आणि दाराखालून वाफ येतेय."

"वाफ कशाची?"

"तेपण सांगत नाहीत."

"डाळीची असंन," बेबाबाई म्हणाल्या.

"इंजिननी व्हई," धुरपदाबाई म्हणाल्या.

मेघानं पुढं सांगितलं की सिरियल मोबाइलवर असेल, पण पहिला भाग पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी एका चॅनलवरही दाखवणार आहेत. मोबाइलवर बघायची सोय आमच्याकडे नाही, केळीच्या बागांत रेंज नुसती येते आणि जाते. चॅनलही असं, की लहान छत्र्यांवर लागत नाही. ते धरायला आठ फुटी छत्रा लागतो.

अंगणातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला कुठं बघावं कळेना. मी आभाळाकडेच बघत राहिलो.

त्या दिवसापासून घरात कुणाचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. बेबाबाई वरणात दोनदा मीठ घालत आणि आबा ते मुकाट जेवत. पॅकिंगच्या बायका एकमेकींना विचारत, वाफ डाळीची की इंजिनाची. रविवारी गावासमोर निकाल लागणार होता. बेबाबाई हसत होत्या, पण सगळ्या निघून गेल्या की माझ्या ओट्यावर एकट्या बसायच्या. एकदा हळूच म्हणाल्या, "नाही आली तं मी काय सांगू या बायायले?" इतकी वर्षं ज्या गोष्टीवर त्यांनी सगळ्यांना धरून ठेवलं, ती त्यांच्या डोळ्यांदेखत खोटी ठरणार होती. नाहीतर खरी.

आबांनी माझ्यावरच्या मिरच्या काढल्या. साळुंक्यांचं घर रिकामं होतं, तेही उचलून जांभळीवर ठेवलं. नवं डबडं बसवलं, वायर जोडली आणि मला बोटबोट फिरवू लागले. बेबाबाई दारात उभ्या राहून सांगत होत्या, "आलं. गेलं. आलं. अवं, गेलं ना." आबांचे हात आता म्हातारे, पण मला फिरवताना चुकले नाहीत. चॅनल लागलं तेव्हा आबा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "अजून कान चांगले हायेत तुहे."

रविवार आला. टीव्ही अंगणात मांडला. दुपारी आबा रावेरला गेले तेवढ्यात बेबाबाईंच्या मनात आलं, याची पूजा करायला पाहिजे.

"नवा टॅक्टर आणला तं पूजा करता," त्या बायकांना म्हणाल्या. "आज सगळं याच्या भरोशावर हाये, याले तसाच कसा ठेवा?"

मग काय. मला हळदकुंकू लागलं. नारळ फुटला. आणि सत्यनारायणाला बांधतात तसे दोन बाजूंना केळीचे खांब बांधले, चांगले हिरवेगार, रुंद पानांचे. मी इतका हरखलो की पुढचं काही सुचलंच नाही. उजव्या खांबाचं एक पान झुकलं आणि बरोबर माझ्या डबड्यासमोर आडवं झालं. केळीचं पान म्हणजे पाण्यानं भरलेलं. त्यातून वरचं काही माझ्यापर्यंत पोचेना. सांगणार कसं? मला तोंड आहे, पण ते ऐकण्यापुरतं.

संध्याकाळी अंगण भरलं. सिरियलची वेळ झाली आणि टीव्ही म्हणाला, नो सिग्नल.

आबांनी वायर पाहिली, टीव्हीजवळचं खोकं पाहिलं, खोक्याला चापट मारली. शेवटी माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "पान आडवं आलं. हे काढा लागते."

बेबाबाईंचा चेहरा उतरला असावा, कारण आवाज उतरलेला होता. "मांडलेली पूजा हाये. सकाळी अक्षता टाकल्याबिगर खांब हालवता येत नाही."

"मंग चाची सकाळपर्यंत थांबंन का?"

"मले काय विचारता. मीच बांधले."

त्या खाली बसल्या. सिरियल सुरू झाली होती, माझ्या डोक्यावरून वाहून चालली होती, आणि अंगणात नुसत्या बांगड्या वाजत होत्या. धुरपदाबाई उठून निघून गेल्या. एक जण कुजबुजली, "जितली ना, म्हनून चालली."

त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात बकरीचं दावं होतं.

"धुरपदा, हे काय?"

"पूजाना पानले माणूसनी हात लावाना नही," धुरपदाबाई म्हणाल्या. "बकरीले कोन काय सांगी?" आणि दावं सोडून दिलं.

बकरीला सांगावं लागलंच नाही. ओट्यावर चढून मागच्या पायांवर उभी राहिली, पुढचे खूर माझ्या काठावर ठेवले, आणि पान टोकाकडून खात निघाली. मी हललो तर चॅनल जाईल, म्हणून आबांनी मला मागून दोन्ही हातांनी कवळा घातला. पुढून बकरी, मागून आबा. मला इतक्या गुदगुल्या झाल्या की आभाळ सोडून पडतो की काय असं वाटलं. बायका हसता हसता एकमेकींवर पडत होत्या.

पान संपलं आणि आवाज आला. कुणीतरी काहीतरी ढवळत होतं.

"पाठमोरी हाये," एक जण म्हणाली.

"तोंड दाखव ना बाई," धुरपदाबाई म्हणाल्या, अगदी हळू.

मी आबांच्या छातीतली धडधड जाळीतून ऐकत होतो. आणि बेबाबाईंचा आवाज आला.

"किती वाळली गं माय."

मला कळलं. जाळीच्या तारेतारेला कळलं.

"मी कवय म्हनं ती मरी गयी?" धुरपदाबाई म्हणाल्या आणि नाक ओढलं.

"तू नाही म्हने. मीच म्हने," बेबाबाई म्हणाल्या आणि त्यांना जवळ ओढून बसवलं.

भाग संपला तरी कुणी उठेना. मग एकीनं विचारलं, "पण बेबाबाई, सुरुवातीले काय झालं असंन? ते तं बकरी पान खाईलोक निघून गेलं."

बेबाबाईंनी पदर सावरला आणि सांगायला सुरुवात केली. दार बंद झाल्यावर चाचीनं आधी काय केलं, डाळ किती उरली होती, अंधारात ती स्वतःशी काय बोलली. त्यांनीही ते पाहिलं नव्हतं. पण अंगणातल्या एकीनंही विचारलं नाही की तुम्हाला कसं ठाऊक. आता कोण विचारणार होतं त्यांना?

मी आज असा आहे. एका खांबाचं पान खाल्लेलं, काठावर खुराचा पोचा, कपाळाला कुंकू, मिरच्या पुन्हा वाळत घातलेल्या. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो भाग पहिल्यापासून पाहिला असेल. तुम्हाला हात जोडून एक मागणं आहे. कधी रावेरकडे आलात, आमच्या अंगणात पाणी प्यायला थांबलात, तर बसा, चार गोष्टी करा. फक्त सुरुवातीला खरं काय दाखवलं, ते आमच्या इथं कुणाला सांगू नका.