गोगलगाईच्या गल्लीत कासव

बेर्गामोच्या डोंगरातून उतरलेली ही वरात मी पहिल्याच दिवशी जोखली. चर्चच्या पेन्शनर मंडळाची सहल. पायात पांढरे बूट, गळ्यात एकसारखे हिरवे रुमाल आणि पिशवीत घरून आणलेला सलामी-पाव. लुक्का, पिसा, सिएना, तीन दिवसांत तीन शहरं उरकायची आणि घरी जाऊन सांगायचं, तोस्काना पाहिलं. बारमध्ये एकाने कॉफी घ्यायची आणि त्या एका कॉफीच्या जोरावर बाकी सगळ्यांनी संडासला जाऊन यायचं, ही यांची रीत. मी मालकाकडे पाहून ओशाळं हसायचं, ही माझी नोकरी.

मी फोस्का, सिएनाची. आमच्याकडे फ्लोरेन्सच्या माणसालाही माणसात धरायचं जिवावर येतं, तिथे ही डोंगरातली मंडळी कुठल्या झाडाचा पाला! मनातल्या मनात मी त्यांना बकऱ्या म्हणत होते. मनातल्या मनात, अशी माझी तरी समजूत होती.

पण या खेपेला मला बकऱ्याच हव्या होत्या. जितक्या मठ्ठ तितक्या बऱ्या. कारण गाइड होता अम्ब्रोजोमामा.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. बायको गेली, मूलबाळ नाही, उभा जन्म काळी छत्री उंच धरून लोकांना गल्लीबोळांतून फिरवण्यात गेला. मला या धंद्यात त्यानेच आणलं. वसंतात त्याने एका गटाला भलत्याच वेशीवर बोलावलं आणि स्वतः घरी जाऊन झोपला. रिनाल्दोने, म्हणजे आमच्या मालकाने, मला बोलावून घेतलं. म्हणाला, "फोस्का, तुझा मामा म्हणून शेवटची संधी देतोय. तू सोबत जा. सहल संपली की मी त्यांच्या फादरना फोन करणार. एक जरी तक्रार आली, तरी छत्री खाली." छत्री खाली म्हणजे मामा तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, खिडकीशी. तिथे तो हिवाळाही काढणार नाही, हे मला ठाऊक होतं आणि रिनाल्दोलाही.

लुक्काला मला धडकीच भरली. त्या शहराचा तट गोल, वरून झाडांच्या सावलीत फिरता येतं. मामाने सुंदर सांगितलं, बुरूज दाखवले, एक फेरी पुरी झाली. आणि खाली उतरायचं सोडून त्याने दुसरी सुरू केली. त्याच बुरुजाशी थांबला, तीच गोष्ट, तोच विनोद, तोच हात वर. मी पुढे धावले. तेवढ्यात बात्तिस्ता नावाचा म्हातारा मध्ये आला. जन्मभर दगडाच्या खाणीत राबलेला, पंजे फावड्याएवढे. "चालू दे गं पोरी," तो म्हणाला, "हवा काय झकास आहे!" आणि विनोद संपल्यावर सगळे पहिल्यापेक्षा जोरात हसले. टाळ्यासुद्धा वाजवल्या!

मी हुश्श केलं आणि मनात म्हटलं, गाढवाला गुळाची चव काय. एकच बुरूज दोनदा पाहिला आणि एकाच्याही लक्षात आलं नाही. यांना उद्या पिसाचा मनोरा सरळ आहे म्हणून सांगितलं तरी माना डोलावतील.

त्या बात्तिस्ताचा तर मला संतापच यायचा. सतत मामाच्या कोपराला चिकटलेला. चौक ओलांडायचा तर हा बाजूला, वळायचं तर हा अर्धं पाऊल पुढे. प्रत्येक फोटोत स्वतःचं थोबाड हवं, दुसरं काय! आणि ती सेवेरिनाबाई! ठेंगणी, गोल, पंच्याहत्तरीची, आवाज देवळातल्या घंटेसारखा. मामा बोलता बोलता जरा थांबला, शब्द शोधायला लागला, की हिचा हात वर. "अहो अम्ब्रोजो, तुमच्या लहानपणी इथे काय होतं हो?" आठशे वर्षांचं चर्च समोर उभं, आणि बाईला मामाच्या लहानपणात रस! तुमची आई काय रांधायची, शाळेत कुणाचा मार खाल्ला, उन्हाळ्यात पोहायला कुठे जायचात. मामा खुलायचा, घडाघडा बोलायचा, आणि संगमरवर बिचारा बाजूला पडायचा. पिसाला मी एकदा म्हणालेच, "बाई, हे सगळं विचारायला तुम्ही एवढ्या लांब आलात का?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "हो, यासाठीही आले," म्हणाली आणि पिशवीतला पाव काढून खायला लागली.

तिसरा दिवस सिएनाचा. मला वाटलं, आता पैलतीर दिसला. इथला दगडन् दगड मामाच्या पायाखालचा. डोळे बांधून सोडला तरी घरी येईल.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमचं शहर मोहल्ल्यांमध्ये वाटलेलं आहे आणि मोहल्ला म्हणजे आमचं गोत्रच. प्रत्येकाचं स्वतःचं चर्च, स्वतःचा झरा. जन्मलेल्या पोराला मोहल्ल्याच्या झऱ्याच्या पाण्याने वेगळा बाप्तिस्मा होतो. शर्यतीत प्रत्येकाचा घोडा धावतो. आम्ही कासव मोहल्ल्याचे, मामाच्या कोटाला पितळी कासव कायम टोचलेलं. आमचं वैर गोगलगाय मोहल्ल्याशी. दोन्ही मोहल्ले शेजारी, आणि भांडतात ते धावण्यावरून! हसा खुशाल. पण सिएनाचा माणूस बायकोचं नाव विसरेल, देवाचं विसरेल, मोहल्ला विसरणार नाही.

कॅथिड्रल झाल्यावर मामा म्हणाला, "आता माझा झरा दाखवतो." कार्यक्रमात नसलं तरी हे तो प्रत्येक गटाला दाखवायचाच. मी मागे राहिले होते, कारण फादर एजिदियोंच्या बुटाची नाडी सुटली होती आणि त्यांना वाकता येत नव्हतं; बात्तिस्ता त्यांना धरून उभा होता. नाडी बांधून वर पाहते तर छत्री भलत्याच उतारावर. सान मार्कोच्या रस्त्याला. गोगलगाईच्या गल्लीत.

मी धावले. पोचेपर्यंत मामा त्यांच्या झऱ्यापाशी उभा होता आणि बकऱ्या भोवती गोल करून. समोरच्या दुकानाच्या दारात तेरेन्झो न्हावी, पक्का गोगलगाय, मामाच्याच वयाचा. दोघं पोरवयात एकमेकांचे दात पाडून बसलेले. तेव्हापासून हा मामाला पाहिलं की विचारणार, "काय रे कासवा, अजून पोचला नाहीस का?" आणि मामा म्हणणार, "कधीच पोचलो असतो, पण वाटेत तुमची गोगलगाय पायाखाली आली आणि घसरलो!" जन्मात एकदाही हे चुकलं नव्हतं.

तेरेन्झोने वस्तरा पुसत हाक दिली, "काय रे कासवा, अजून पोचला नाहीस का?"

मामाने त्याच्याकडे गोड हसून पाहिलं. मग झऱ्याच्या दगडावर हात ठेवला आणि गटाला म्हणाला, "याच पाण्याने माझा बाप्तिस्मा झाला. माझ्या बापाचाही. मी इथलाच."

कोटावर पितळी कासव, हात गोगलगाईच्या झऱ्यावर! आता तेरेन्झो सोडतोय होय! साठ वर्षं वाट पाहिलेला घास तोंडात आला होता. संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं आणि रिनाल्दो गावातच राहतो.

तेरेन्झोचा हात थांबला. त्याने मामाकडे पाहिलं, कोटावरच्या कासवाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याचा चेहरा एकाएकी म्हातारा झाला.

"हो," तो म्हणाला. "इथलाच आहे हा. आमचाच." आणि आत जाऊन त्याने दार लावून घेतलं. आत गिऱ्हाईक नव्हतं, मी पाहिलं होतं.

सेवेरिनाबाईचा हात वर गेलाच. "अहो अम्ब्रोजो, तुमच्या लहानपणी..."

माझं डोकं फिरलं. "पुरे करा हो!" मी ओरडले. "माणूस दमलाय, दिसत नाही का? बकऱ्यांसारखे नुसत्या माना डोलावत फिरताय. तीन दिवसांत एक अक्षर तरी शिरलं का डोक्यात?"

फादर एजिदियोंनी आपल्या नाडीकडे पाहिलं. बात्तिस्ता मामाचा कोपर धरून म्हणाला, "चला अम्ब्रोजो, भूक लागली." आणि सगळे त्याच्यामागे जेवायला गेले.

जेवण शहराच्या वेशीजवळच्या खाणावळीत होतं, जाड शेवयांचं. आज कुणी घरचा पाव काढला नाही. गोड आलं तेव्हा फादरांचा फोन वाजला. रिनाल्दो. ते "हो, हो" म्हणाले आणि फोन सेवेरिनाबाईच्या हातात देऊन मोकळे झाले. "तुम्हीच बोला, मला नीट ऐकू येत नाही." चर्चमध्ये तीच सगळं चालवते, हे तेव्हा कळलं.

"गाइड ना?" ती खणखणीत बोलली. सगळी खाणावळ ऐकत होती. "असा गाइड आम्हाला मिळाला नव्हता. पुढच्या वर्षी तेच हवेत. हो, लिहून घ्या. तक्रार? तक्रार आहे की. ती सोबतची बाई. पहिल्या दिवसापासून आमच्याकडे अशी बघते, जशी आम्ही तिच्या बुटाला लागलेली घाण. आज तर बकऱ्या म्हणाली. फादरांसमोर!"

फोन ठेवून ती माझ्यापाशी येऊन बसली. रागाने नव्हे. पाय दुखत होते म्हणून.

"मामाचं कधी कळलं तुम्हाला?" मी विचारलं.

"लुक्कालाच. दुसऱ्या फेरीला." तिने माझ्या ताटलीतला बदामाचा गोड तुकडा उचलला. "माझे यजमान गाउदेन्झिओ सहा वर्षं असेच होते. काल काय झालं ते विचारायचं नसतं अशांना, घाबरतात. लहानपणचं विचारायचं. तिथे त्यांना सगळं सापडतं. बात्तिस्ताच्या भावाचंही तसंच. म्हणून तो वळणावर आधी वळतो, म्हणजे हे चुकले असं वाटत नाही. आज फादरांच्या नाडीपायी तो मागे राहिला तेवढाच घोळ झाला." तिने बोटं चाटली. "आमच्या गावात म्हातारेच उरलेत गं पोरी. एकाला धरून दुसरा चालतो. तू मात्र तीन दिवस नुसती आमचे बूट बघत होतीस."

मोठी सिएनाची! तेरेन्झोलासुद्धा एका वाक्यात कळलं होतं. मला मात्र बकऱ्या मोजायच्या होत्या.

मग माझा फोन वाजला. रिनाल्दो हसत होता. "कमाल झाली. मामा पास, तू नापास! पुढच्या आठवड्यात वेरोनाचा गट आहे, मामाला देतो. तुला नको. तो आता एकटाच जाऊ दे, एवढा ठणठणीत आहे तर."

मी बाहेर आले. मामा भिंतीशी उन्हात उभा होता, छत्री काखेत. वेरोनाचा गट. तिथे ना बात्तिस्ता, ना सेवेरिनाबाई, ना मी. रिनाल्दोला खरं सांगावं तर छत्री खाली. न सांगावं तर मामा कुठल्या वेशीवर कुणाची वाट पाहत उभा राहील, कोण जाणे.

माझे डोळे भरलेले त्याला दिसले. तो जवळ आला, खांद्यावर थोपटलं.

"ओरडले का मालक?" त्याने हळूच विचारलं. "रडायचं नाही. मी सांगेन रिनाल्दोला. नवीन आहेस, चुका व्हायच्याच. फक्त एक ध्यानात ठेव, माणसांना कधी हसायचं नाही. त्यांना सगळं कळतं." मग माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहत, अगदी अदबीने, "आपण कुठल्या मोहल्ल्याच्या?"

"कासव," मी म्हटलं.

"वा! चांगली माणसं." त्याने छत्री उघडली, उंच धरली आणि बसच्या नेमक्या उलट दिशेला वळला.

बात्तिस्ता खाणावळीच्या दारातून लगबगीने निघाला. मी त्याला हातानेच थांबवलं आणि धावत जाऊन मामाच्या कोपराला धरलं.

"मामा," मी म्हटलं, "तुमच्या लहानपणी इथे काय होतं हो?"