कोरडं फडकं

मी एक जुनी, पिवळी पडलेली प्लॅस्टिकची नळी आहे. वीतभर लांब. मित्रांनो, माझ्यात पराक्रम शोधू नका. माझ्यातून आरपार दिसतं, एवढंच माझं काम. आणि तेच कुणाला नको असतं.

मिस्त्रीने मोठ्या गुंडाळीतून मला कापलं, तेव्हा मी काचेसारखी स्वच्छ होते. डिझेल इंजिन धापा टाकत बंद पडू लागलं की तेलाच्या पाइपात तो मला जोडायचा. माझ्यातून बुडबुडे गेले, की टाकीच्या बाजूने कुठूनतरी हवा शिरते आहे हे कळायचं. "पोरगी खोटं बोलत नाही," असं तो कौतुकाने म्हणायचा.

नदी पार करणारी एक बोट त्याच्या दाजींची होती. तिचं इंजिन सारखं मध्येच थांबे. दाजी हातपंप मारून हवा काढत आणि पुढे जात. शेवटी ताईने, म्हणजे त्यांच्या बायकोने, भावाला बळेच बोलावून आणलं.

मिस्त्रीने मला फिल्टरच्या पुढे लावलं. बुडबुडे. मग फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला लावलं. तरी बुडबुडे. म्हणजे खोट टाकीकडून येणाऱ्या जुन्या पाइपात.

"दाजी, पाइप बदलायचा. आज बोट बंद."

"अरे शहाण्या, हे बघ!" दाजींनी सगळ्या सांध्यांवरून फडकं फिरवलं. "कोरडं ठणठणीत! तेल गळत नाही, तर भोक कुठलं?"

"इंजिन तेल ओढून घेतं ना! तिथून तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते."

"अहो, ऐका की त्याचं," ताई म्हणाली.

"तुझ्या माहेरच्यांना सगळीकडे बुडबुडेच दिसतात! माणसं खोळंबलीत. हवा काढ रे, आणि मोकळा हो."

दाजींनीच मला उपटून काठावर फेकलं आणि जुना पाइप जोडला. मिस्त्रीने हवा काढून दिली. दाजींपुढे बोलणार किती?

नदी चढलेली होती. बोट मधोमध गेली आणि आवाज थांबला. प्रवाहाने ती पुलाच्या खांबावर आपटली. लोकांनी दोर टाकून उतारूंना काढलं. दाजी खाली इंजिनापाशी पंप मारत होते. बोट बुडाली, ते निघाले नाहीत.

ताईने मला उचलून भावाच्या हातात ठेवलं. "तो पाइप कापूनच का नाही टाकलास?" एवढंच म्हणाली.

आता मी मिस्त्रीच्या दुकानात खिळ्याला टांगलेली असते. गिऱ्हाइकं येतात, दाजींची गोष्ट ऐकून हळहळतात आणि म्हणतात, "नळीबिळी राहू दे, नुसती हवा काढून द्या." मिस्त्री काढून देतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सांगायची रीत आहे. मला जपू नका. मला लावा, आणि दिसेल ते माना. तुम्ही मानाल असं मला वाटत नाही. तुमच्याही घरात कुणीतरी कोरडं फडकं घेऊन उभं असेलच.