चाकाखालची नळी

मी रस्त्यावर आडवी टाकलेली काळी रबरी नळी बोलतेय. हो, तीच. गाडी वरून गेली की 'टप' वाजते आणि तुम्ही ढुंकूनही बघत नाही, ती.

आमच्या आधी माणसं नाक्यावर खुर्च्या टाकून गाड्या मोजत बसायची. मग आम्ही आलो. चाक पडलं की माझ्या पोटातली हवा कडेच्या पेटीत जाते आणि नोंद होते. पण मी एकटी नव्हते. मला जुळी बहीण होती. आम्हाला शेजारी-शेजारी ठोकायचे. मी गाड्या मोजायची आणि चाक माझ्यापासून तिच्यापर्यंत किती वेळात पोचलं, त्यावरून वेग कळायचा.

मग रहदारी खात्यात नवे साहेब आले. रहदारी पाण्यासारखी वाहते असं धरून त्यांनी मोठं गणित मांडलं होतं. "दोन कशाला? एकीवर भागेल," म्हणाले आणि माझ्या बहिणीला डिकीत टाकून घरी घेऊन गेले. बागेला पाणी द्यायला तिच्या अंगाला भोकं पाडली, हे मला ठोकणाऱ्या फिटरकडून कळलं. तो हसत सांगत होता. माझ्या अंगाची लाही लाही झाली. सूड घ्यायचा, अशी मी तिथेच खूणगाठ बांधली.

त्यासाठी मला खोटंही बोलावं लागलं नाही. रस्ता रिकामा असला की माझ्यावरून थोड्या गाड्या जातात. तुंबला की गाड्या हलतच नाहीत, तेव्हाही थोड्याच. यातलं खरं कुठलं ते वेगावरून कळतं, आणि वेग सांगणारी तर बागेत पडलेली. संध्याकाळी रस्ता तुंबायचा, माझा आकडा इवलासा. इथे गाड्याच नाहीत म्हणत साहेबांनी आमच्या बाजूच्या सिग्नलच्या हिरव्या दिव्याचा वेळ कमी केला. रस्ता आणखी तुंबला, आकडा आणखी घटला, दिवा आणखी कमी झाला. मला नुसत्या आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

आज समितीपुढे तेच गणित मांडायचं होतं. पसंत पडलं तर साहेब खात्याचे प्रमुख होणार, म्हणून त्यांची बायकोही नटूनथटून सोबत निघाली होती. त्यांची गाडी आली आणि पुढचं चाक बरोबर माझ्या अंगावर थांबलं ते थांबलंच. समितीचा फोन आला, परत आला. शेवटी, दुसऱ्याची निवड झाली, असा निरोप आला.

साहेब खाली उतरले. पुढे गाड्या, मागे गाड्या. चाकाखाली मी दिसले आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"हिच्या जोडीची नळी कुठंय?" ते पुटपुटले.

"आपल्या गुलाबांना पाणी घालतेय," बायको आतून म्हणाली.

माझा जीव कोंडलाय, चाकाचा भार सोसवत नाही. तरी कुणी इतक्यात दिवा हिरवा करू नका. माझी बहीण काही आता परत येत नाही. त्यांना उभं राहू दे इथेच, अजून थोडा वेळ.