अमीटर कुणी जाळला?

“किसने जलाया?” बाहेरगावाहून आलेले परीक्षक टेबलावर पेन आपटत ओरडले. समोरच्या अमीटरमधून जळकट वास येत होता आणि त्याचा काटा टोकाला आपटून वाकला होता.

बारावीची उर्वशी ओढणीचं टोक मुठीत धरून उभी होती. भौतिकशास्त्राचे तुषार सर खिडकीबाहेर बघत होते, जसं काही सौंसरच्या बसस्टँडवर त्यांचं काही हरवलं होतं. कपाटाजवळ उभ्या असलेल्या इंदू सोमकुंवरच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. अमीटर कुणी जाळला, ते तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

इंदू या प्रयोगशाळेची परिचर. कागदावर परिचर, मुलांची मावशी, आणि पाहुण्यांसमोर चपराशी. शिक्षण नववी. पण सव्वीस वर्षं तारांची टोकं पॉलिश पेपरनं घासून, सर्किटं मांडून नि मोडून वीज तिच्या हाडीमासी मुरली होती. पुस्तकातली व्याख्या तिला येत नसे. ती आपल्या पद्धतीनं सांगायची, “करंट म्हंजे संत्र्याचे ट्रक. अमीटर म्हंजे नाका, तो भर रस्त्यातच पाहिजे, एकूणएक ट्रक त्याच्यातूनच गेला पाहिजे. व्होल्टमीटर रस्त्यात नाई बसत. तो दोन टोकायले हात लावून चढ किती आहे थेच सांगते. अन् रोध म्हंजे रस्त्यातले खड्डे.” आणि शेवटी दरवर्षी न चुकता दम भरायची, “रीडिंग झालं का कळ काढा. तार तापली का रोध वाढते, मंग तुमचं उत्तर कसं जुळन?”

उर्वशीनं तेच केलं होतं. रीडिंग झालं, सर्किट तोडणारी ती पितळी कळ काढली आणि तळहातात धरली. तेवढ्यात परीक्षक आले.

“अमीटर श्रेणी में है?” त्यांनी विचारलं.

उर्वशी जामसांवलीकडच्या खेड्यातली, मध्य प्रदेशात राहूनही दहावीपर्यंत मराठीत शिकलेली. तिच्या शाळेत श्रेणी म्हणजे निकालपत्रावरचा अ, ब, क. पोरगी घाबरून म्हणाली, “ब श्रेणी, सर.”

सगळा वर्ग खिदळला. “तेरी नहीं, अमीटर की पूछ रहा हूँ!” मग तिच्या ध्यानात आलं, साहेब जोडणीचं विचारत होते, आणि तिनं मराठीत शिकलेलं अचूक उत्तर दिलं, “एकसर, सर.”

“अक्सर? अक्सर क्या?” साहेब स्वतःच्याच विनोदावर हसले. आजवर तुषार सरांनी स्वतःच किती पोरांना ‘एकसर म्हणजेच श्रेणीक्रम’ असं समजावलं असेल. पण आज ते खिडकीकडे वळले. साहेबांनी अमीटरकडे पाहिलं, काटा शून्यावर. कळ काढली असताना काटा शून्यावर नाही तर कुठे असणार? “मीटर ही बंद है,” असं म्हणत त्यांनी अमीटर सोडवला आणि त्याच्या दोन्ही तारा सरळ बॅटरीच्या दोन टोकांना लावल्या. मध्ये रोध नाही, काही नाही. काटा सटकन टोकाला गेला आणि धूर निघाला. एवढं करून सवरून वर विचारत होते, किसने जलाया!

तुषार सरांनी तुटफुटीचं रजिस्टर आणलं, लिहिलं, ‘छात्रा के गलत संयोजन से’, म्हणजे पोरीनंच चुकीचं जोडलं, आणि ते इंदूपुढे सरकवलं. तिच्या सहीशिवाय नोंद पक्की होत नसे. नोंद पक्की झाली की उर्वशी प्रॅक्टिकलमध्ये नापास, आणि नागपूरला नर्सिंगला जायचं तिनं नावही काढायचं नाही.

“मी सही नाई करत,” इंदू म्हणाली.

“मावशी, काहून वाढवून राहिल्या?” सर दबक्या आवाजात म्हणाले. “साहेबायले राग आला तं साऱ्या वर्गाचे मार्क जातीन.”

“अन् या पोट्टीचं काय?”

“थे देईन न पुढच्या वर्षी.”

पुढच्या वर्षी! इंदूचा संताप अनावर झाला. “तुषार,” ती म्हणाली, आणि वर्ग चपापला, कारण सरांना शाळेत नावानं कुणी हाक मारत नसे. “बारावीत असताना याच टेबलावर तू बॅटरी उलटी जोडली होती. काटा उलटा गेला तं रडत होता. तवा मी म्हनलं का तुले, पुढच्या वर्षी दे म्हनून?”

सरांचा चेहरा उतरला. इंदूनं कपाटातून दुसरा अमीटर काढला. उर्वशीचं बाकीचं सर्किट जसंच्या तसं होतं. मोकळ्या राहिलेल्या जागी तिनं तो जोडला, एकही तार इकडची तिकडे केली नाही.

“लाव वं कळ.”

उर्वशीनं कळ बसवली. काटा हळूच सरकला आणि निम्म्यावर येऊन थांबला. सगळ्या वर्गानं पाहिलं, साहेबांनीही पाहिलं.

“ये कौन हैं? बाहर कीजिए इन्हें!”

“जाऊन राहिली,” इंदू म्हणाली. जाण्याआधी तिनं सरांच्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि खाली वेड्यावाकड्या मराठी अक्षरांत लिहिलं, ‘अमीटर परीक्षक साहेबांनी सरळ बॅटरीला लावला म्हणून जळला. मी पाहिलं.’ मग पूर्ण नावानिशी सही केली.

एवढ्या डोळ्यांदेखत काटा हलल्यावर मुलीला नापास करायला साहेबांना तोंड उरलं नाही. उर्वशीला पास होण्यापुरते मार्क मिळाले. एकही जास्त नाही.

आणि इंदूला मिळालं फाटक. आठच दिवसांत प्रयोगशाळेच्या किल्ल्या काढून घेतल्या, ऑर्डरमध्ये लिहिलं, ‘कामाच्या सोयीसाठी’. कुणाची सोय, ते लिहिलं नव्हतं. पोरांना आता वायर कोण घासून देणार, हेही कुणी विचारलं नाही. ती फाटकाशी स्टूल टाकून बसली, मनातल्या मनात साऱ्यांना शिव्या घालत.

साडेदहाला तुषार सरांची मोटरसायकल आली. सव्वीस वर्षांत कुठलेही सर समोर आले की इंदू उठून उभी राहायची. सरांनी गाडी हळू केली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

इंदूनं बसल्या बसल्याच हात लांबवून फाटक उघडलं.