स्वर्गात उमटलेला व्रण

हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. आधी खुर्च्या संपल्या, मग सतरंज्या संपल्या, मग माणसं खिडक्यांच्या कठड्यांवर चढून बसली. प्रत्येकाच्या हातात नंबराचं टोकन होतं आणि डोळे मंचावर खिळले होते. मंचावर पांढऱ्या सोफ्यात तो बसला होता. आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात. या गृहस्थानं तीही अट पुरी केली होती. एकवीस मिनिटं मेलो, स्वर्ग पाहिला आणि परत आलो, असं तो दर आठवड्याला सांगे आणि लोक दर आठवड्याला आ वासून ऐकत. मरण्यापूर्वी तो प्लॉटची दलाली करायचा, हे मात्र कोणी आठवत नसे.

लोक त्याला महाराज म्हणत. फोटोवाली त्याला स्वर्गरिटर्न म्हणे. ती एका स्टुडिओत जुने फोटो दुरुस्त करायची. चिरा बुजवायच्या, पुसट नाकं ठळक करायची, गेलेल्या माणसाच्या अंगात फाटक्या सदऱ्याऐवजी बरासा कोट चढवायचा. पोटासाठी रोज रंगरंगोटी करावी लागत असल्यामुळे दुसऱ्यानं केलेली रंगरंगोटी तिला लांबूनच कळे.

आज ती मावशीसाठी आली होती. सहा महिन्यांपूर्वी मावशीचे यजमान, म्हणजे काका, गेले. तेव्हापासून मावशी या माणसाच्या नादी लागली होती, आणि आज आपलं दोन खोल्यांचं घर त्याच्या संस्थेच्या नावे करणार होती. बदल्यात तिला काकांच्या शेजारची जागा मिळणार होती, अर्थात स्वर्गात. कागद तिच्या पर्समध्ये तयार होता. फक्त सही राहिली होती, आणि साक्षीदार म्हणून काकांचे भाऊ, धाकटे काका, बरोबर आले होते. ते वेल्डिंगचं काम करायचे आणि दिवसाला चार वाक्यं बोलायचे.

"मावशी, सही करून तू राहणार कुठे?"

"संस्थेच्या निवासात कॉट देणार आहेत."

"कॉट? अगं, स्वतःचं घर सोडून कॉट?"

"मरेपर्यंतच ना गं. पुढे आहेच की त्यांच्याशेजारी," मावशी म्हणाली आणि पर्स छातीशी धरून पुढे बघत बसली. फोटोवालीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण दुःखात बुडालेल्या माणसाशी वाद घालून काही उपयोग नसतो.

"मी गेलो!" स्वर्गरिटर्ननं माईक तोंडाशी धरला. "डॉक्टरांनी हात टेकले, आणि मी गेलो. काय सांगू माउल्यांनो! तिथे ऊन नाही, घाम नाही, भाडं नाही. स्वर्ग अमर्याद आहे. पण चांगल्या जागा संपत आल्यात. आपल्या माणसाजवळची जागा हवी असेल तर आज ठरवा. उद्या कोपऱ्यातली मिळाली, तर मला बोल लावू नका!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अमर्याद जागेत कोपरा कुठून आला, असं एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

मग टोकनं सुरू झाली. प्रत्येक नंबराला तो समोरच्या स्टँडवरची लाल कापडात बांधलेली जाडजूड वही उघडायचा, तिच्यात डोकावायचा आणि डोळे मिटायचा. वहीतली दिव्य लिपी फक्त त्यालाच वाचता येते, असं सांगितलं जाई. सेहेचाळीस नंबरची बाई हात जोडून उभी राहिली.

"तुझे यजमान भेटले. गोल चेहरा, जाड भिंगाचा चष्मा. कसे तुरुतुरु चालत होते!"

"चालत होते?" बाई चाचरली. "ते लंगडायचे हो. पाय लहानपणीच गेला होता."

तो क्षणभरही अडखळला नाही. "अगं वेडे, स्वर्गात देह अव्यंग होतो! लंगडेपण, डाग, व्रण, सगळं इथे मातीत राहतं. तिथे माणूस कोरा करकरीत!"

बाई आनंदानं रडायला लागली. उचलली जीभ, लावली टाळ्याला, फोटोवालीच्या मनात आलं. याचा पत्रा वाजतोय आणि लोकांना घंटानाद ऐकू येतोय.

"सत्तेचाळीस!"

मावशी उठली. स्वर्गरिटर्न वहीत नेहमीपेक्षा जास्त वेळ डोकावला.

"भेटले! उंच कपाळ, पिकलेले केस, राखाडी कोट. हजारांत ओळखले मी त्यांना. डाव्या भुवईवर तो आडवा व्रण! मी म्हटलं, दुखतो का? हे बोट लावून पाहिलं. म्हणाले, तिला सांगा, माझ्याशेजारी जागा धरून ठेवलीय."

मावशीच्या कानांत फक्त शेजारची जागा शिरली; तिनं मान हलवली आणि पर्सची चेन उघडली. फोटोवाली मात्र बसल्या जागी थिजली. काकांच्या भुवईवर जन्मात कधी व्रण नव्हता.

काकांचा धड फोटोच नव्हता. होता तो लायसन्सवरचा, टिकलीएवढा आणि अर्ध्या तोंडावर शिक्का मारलेला. मावशी हट्टाला पेटली, म्हणून फोटोवालीनं धाकट्या काकांचा फोटो काढून त्यांचं कपाळ आणि भुवया काकांच्या चेहऱ्याला जोडल्या, केस पिकवले, कोट चढवला. धाकट्या काकांच्या भुवईवर वेल्डिंगची ठिणगी उडून पडलेला व्रण होता. तो पुसायचा तिच्याकडून राहून गेला. फ्रेम भिंतीवर उंच लागली, मावशीला चष्म्याशिवाय तो दिसला नाही, आणि उद्या दुरुस्त करू म्हणता म्हणता सहा महिने गेले. तिची ती चूक जगात फक्त एका भिंतीवर होती.

आणि त्या भिंतीसमोर गेल्या आठवड्यात संस्थेच्या एक ताई नोंदणीला म्हणून आल्या होत्या. टोकन देऊन, फोटोपुढे डोळे मिटून, मोबाइल दोन्ही हातांत धरून बराच वेळ उभ्या होत्या. मावशीनं कौतुकानं सांगितलं होतं, "किती श्रद्धा गं!"

फोटोवाली ताडकन उठली. "महाराज, स्वर्गात व्रण राहत नाहीत ना?"

"नाही, बाळ."

"मग आमच्या काकांना तिथे जाऊन नवा कसा पडला? इथे तर त्यांना नव्हता!"

मावशी वळून बघायला लागली. "खरंच की," ती हळूच म्हणाली. "त्यांना नव्हता."

"स्वर्गाची लीला..." स्वर्गरिटर्न ततपप करू लागला. तेवढ्यात धाकटे काका उठले, कपाळावरचे केस मागे सारले आणि डावी भुवई सगळ्यांना दाखवली.

"व्रण माझा आहे. तुम्ही बोट कधी लावलंत? मी तर अजून गेलो नाही."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. दोन स्वयंसेवक धावून आले, तर धाकटे काका त्यांच्या आडवे उभे राहिले. फोटोवाली मंचावर चढली आणि तिनं ती वही उचलून लोकांकडे फिरवली. पानं कोरी होती. मध्ये पानं कापून केलेल्या खाचेत मोबाइल होता, आणि मोबाइलवर मावशीच्या भिंतीवरचे काका, भुवईवरचा व्रण दिसेपर्यंत मोठे केलेले.

तिनं बोटानं फोटो पुढे सरकवला. "अठ्ठेचाळीस नंबर कोणाचा?"

"माझा," एक शिंपी म्हणाला.

"या तुमच्या आई? शेजारी भिंतीवर घड्याळ, काच तडकलेली?"

शिंप्यानं जवळ येऊन पाहिलं. त्याचा चेहरा लाल झाला. "आमचंच घड्याळ आहे ते. त्या ताईंना मी चहा पाजला होता!"

"चोर! भामटा!" हॉलमध्ये एकच गलका उठला. एकवीस मिनिटं मरून आलेला माणूस आता जिवाच्या भीतीनं सोफ्यामागे दडला होता. फोटोवालीनं माईक उचलला.

"मारू नका त्याला, पोलिसांत द्या. आणि जरा स्वतःलाही विचारा. देव माना, नका मानू, तो तुमचा प्रश्न. पण गेलेल्या माणसाचा निरोप आणलाय म्हणणाऱ्याला एवढंच म्हणा, जे भिंतीवर नाही ते सांग. जे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं ते सांग. नाही सांगता आलं, तर सही करू नका."

ती खाली उतरली. मावशी कागद हातात धरून तशीच उभी होती.

"म्हणजे माझ्यासाठी निरोप नव्हताच?"

"नव्हता, मावशी."

"मग ते आहेत कुठे गं?"

एखादं गोड खोटं फोटोवालीच्या ओठांपर्यंत आलं. तिनं ते गिळलं.

"मला माहीत नाही. त्यालाही माहीत नाही. पण त्या माहीत नसण्याच्या बदल्यात तो तुझं घर मागत होता."

मावशी बराच वेळ रडली. कोणी तिला गप्प केलं नाही. मग तिनं कागदाचे उभे दोन, आडवे चार तुकडे केले आणि दिराला म्हणाली, "चला भावजी. माझ्या घरी जाऊ."