काज

"हा सिगारेट सोडणार असेल, तर आधी मला कळवा," डॉक्टर म्हणाले, तेव्हा तिला हसू आलं होतं. "तुमच्या तोंडात साखर पडो, डॉक्टर. हा कसला सोडतोय!"

शेजारी बसलेला दादाही हसला होता.

दादा शिंप्याच्या दुकानात हाताने काजं करायचा. डोक्यातले आवाज गोळ्यांनी गप्प केल्यापासून त्याचा हात असा बसला होता की काजाची उलट-सुलट बाजू ओळखू येऊ नये.

मग तिला मुलगी झाली. दादा बाळाला घ्यायला वाकला की बहीण नाक मुरडायची. "अंगाला वास येतो रे तुझ्या. एक तर सिगारेट, नाहीतर भाची."

"तराजू घेऊनच बसलीस की," दादा म्हणाला. त्या दिवसापासून त्याने पाकिटाला हात लावला नाही.

तिने हे कौतुक सगळ्यांना सांगितलं. डॉक्टरांना सोडून. चांगली बातमी घेऊन दवाखान्यात कोण जातं?

दादा दुपारचाही झोपू लागला. उशी लाळेने ओली व्हायची. बाळाचा श्वास ऐकायला दहादा उठणारी ती, दादाचं मात्र दार हलकेच ओढून घ्यायची. झोपतोय बिचारा.

"तुमचा दादा काजाऐवजी बोट शिवतोय," शिंपीकाका म्हणाले.

"मामा झालाय ना, हवेत आहे," तिने हसण्यावारी नेलं.

आणि एका सकाळी, भाची मांडीवर असताना, दादाचं अंग ताठ झालं. डोळे फिरले. झटके येऊ लागले. मुलगी घरंगळून गादीवर पडली. तिला काही झालं नाही.

"सिगारेट कधी सोडली याने?" डॉक्टरांनी पहिलं तेच विचारलं. "धुरामुळे हे औषध शरीरातून लवकर निघून जायचं. धूर थांबला, गोळ्या तेवढ्याच राहिल्या. औषध रक्तात साठत गेलं."

"पण आम्ही चांगलंच केलं ना?"

"चांगलंच केलंत. कळवलं असतंत, तर गोळी मी कमी केली असती."

आता गोळी कमी झाली आहे. दादा घरी आहे, सिगारेट सुटली ती सुटलीच. पण ती मुलीला पुढे करते, तेव्हा तो हात पाठीमागे नेतो.

"नको. तिथूनच दाखव."

भाचीच्या झबल्याला त्याने चिरून ठेवलेली काजं तशीच आहेत, दोरे सुटलेली. ती भेटेल त्याला एकच सांगते. तुमच्याही घरात कोणी अशा गोळ्यांवर असेल आणि हल्ली फारच शांत झोपत असेल, तर दार ओढून घेऊ नका. आत जा. हाक मारून बघा.